दक्षिणेला तोंड करून

अंबडच्या आमच्या शेडला लागून जो स्लॅब आहे
त्यावर एक लोखंडी घोडी. दक्षिणेला तोंड, वीस अंश कललेली,
कारण नाशिक विसाव्या अक्षांशावर बसलंय
आणि ऊन सरळ अंगावर घ्यायचं ठरलंय.
घोडीवर पट्ट्या. दोन बोटं रुंद, वीतभर लांब,
मशीनमधून निघताना सगळ्या सारख्याच गोऱ्या, तुकतुकीत.

पहिल्या वर्षी मी मार्करनं तारखा घातल्या.
उन्हाळा सरायच्या आत तारखा उडाल्या, प्लास्टिक राहिलं.
आता दाभणानं कोरते.

काम आलंय टोपीचं.
द्राक्षबागेत खांबावर बसणारं हवामानाचं यंत्र,
त्याला एकाखाली एक सात ताटल्या:
आत वारा खेळावा, ऊन शिरू नये.
दातीरमामा म्हणाले, काळी करा की.
काजळी घातलेलं पॉलिप्रॉपिलीन, वर्षानुवर्षं बघायला नको.
खरंय. काजळी ऊन स्वतः पिते,
आतल्या साखळ्यांना झळ लागू देत नाही.
पण काळी टोपी तापली की आतलं यंत्र खोटं बोलणार
आणि तो आकडा बघून कुणीतरी भलत्याच दिवशी फवारा मारणार.
पांढरीच हवी.

पांढरी म्हटलं की छाजेड एबीएसच्या पोत्यावर हात ठेवतात.
मलाही आवडतं ते. साच्यात कसं गुमान भरतं,
कोपरे धरतं, चमक देतं.
पोटात एक रबर आहे त्याच्या, म्हणून पडलं तरी फुटत नाही,
आणि उन्हाला नेमकं तेच रबर आधी सापडतं.
अकरा नंबरची पट्टी बघा. एका वर्षात हळदुली.
दुसऱ्या वर्षी वाकवायला घेतली,
पापड मोडावा तशी मोडली.

मग पॉलिकार्बोनेट घ्या, ते तर हातोड्याला दाद देत नाही.
नाही देत.
पण बागेत मोरचूद आणि चुना फवारतात.
निळसर ओघळ स्क्रूच्या भोकाशी येऊन थांबतो,
चुना आपला मुकाट काम करतो,
आणि एके सकाळी भोकापासून केसाएवढी चीर.
ओझरच्या बागेतल्या त्या चाळीस पेट्या मी निवडल्या होत्या.
छाजेडना हे माहीत नाही.
मामांना आहे.

राहतं एएसए.
एबीएसमधला बी तेवढा गेला. कागदावर एवढाच फरक.
नवं रबर असं, की त्यात उन्हाला पकडायला दुहेरी बंधच नाही.
किलोमागे नव्वद रुपये जास्त,
टोपी एकशे दहा ग्रॅमची, म्हणजे भांडण दहा रुपयांचं.
शिवाय दाणा पंच्याऐंशी अंशांवर चार तास वाळवायचा,
नाहीतर अंगावर चंदेरी रेघा उमटतात.
त्यासाठी मामा पहाटेच येऊन हॉपर लावतात,
आणि गच्चीवर चहा पिताना आता उभेच राहतात:
मागच्या मार्चमध्ये तिथली पांढरी खुर्ची
बसल्या बसल्या चार पाय पसरून गेली होती,
पँटीला खडूसारखी भुकटी.
कुणी विचारलं तर सांगतात, चाचणी घेत होतो.

छाजेड म्हणाले, बरं, एएसए. गॅरंटी किती वर्षं लिहू?

मी वर गेले.
सगळ्यात जुनी पट्टी काढली, ओढणीनं पुसली.
चमक गेलेली. बोटाला किंचित पांढरं.
वाकवली. वाकली. सोडली, परत आली.
दाभणाचे आकडे मोजले.

सहा लिहा.
आणि सातवं?
सातवं पुढच्या मेमध्ये विचारा.

पट्टी जिथून उचलली तिथे घोडीचा रंग
अजून हिरवागार होता. बाकी सगळी गंजलेली.
मी पट्टी परत त्याच जागी ठेवली.